रेडिएशननंतरच्या स्वरयंत्राचा सीटी कसा वाचायचा: नव्याने रिपोर्टिंगला बसणाऱ्यांसाठी

व्होकल कॉर्डच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलेल्या पेशंटचा सीटी पहिल्यांदा स्क्रीनवर येतो तेव्हा नवा रेडिओलॉजिस्ट गांगरतो. एपिग्लॉटिस (स्वरयंत्रावरचं झाकण) जाड, चरबी धुरकट, दोन्ही फॉल्स कॉर्ड (खऱ्या कॉर्डच्या वरच्या घड्या) फुगलेल्या, एरिटेनॉइड (कॉर्डच्या मागच्या टोकाची छोटी कूर्चा) पांढरं पडलेलं. निरोगी स्वरयंत्राचं जे चित्र डोळ्यांत बसलेलं असतं त्याच्याशी काहीच जुळत नाही. मग रिपोर्टच्या शेवटी ते ठरलेलं वाक्य येतं: ‘रिकरंट ट्यूमर (परत आलेली गाठ) नाकारता येत नाही.’

या वाक्यात खोटं काही नाही, पण ईएनटी सर्जनला त्याचा उपयोगही नाही. त्याला ठरवायचं असतं की बायोप्सी घ्यायची की थांबायचं, आणि घ्यायची तर नेमकी कुठून. रेडिएशन झालेल्या भागात खोल घेतलेली बायोप्सी कधी कधी भरून येत नाही, तिथून जंतुसंसर्ग शिरतो आणि कूर्चा मरायला लागते. उलट बायोप्सी लांबली, तर जिथे स्वरयंत्राचा थोडा भाग काढून भागलं असतं तिथे पूर्ण स्वरयंत्र काढावं लागतं. म्हणजे आपण काय लिहितो यावर कुणाचा तरी आवाज टिकणार की जाणार हे काही प्रमाणात ठरतं.

लेख मुख्यतः रेडिओलॉजीचे रेसिडेंट आणि ईएनटी किंवा रेडिएशन विभागात नव्याने रुजू झालेले डॉक्टर यांच्यासाठी आहे. पेशंट किंवा नातेवाईक वाचत असतील तर रिपोर्टमधले शब्द समजायला मदत होईल. निर्णय मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घेऊ. रेडिएशन झालेल्या स्वरयंत्राची तुलना निरोगी स्वरयंत्राशी करायची नाही. तुलना करायची ती त्याच पेशंटच्या आधीच्या स्कॅनशी, आणि त्याच स्लाइसमधल्या उजव्या बाजूची डाव्या बाजूशी. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन तुलना नीट व्हाव्यात म्हणून आहेत.

पायरी १: स्कॅन उघडण्याआधी कागद वाचा

रिक्विझिशन फॉर्मवर ‘सीए लॅरिंक्स, पोस्ट आरटी’ (स्वरयंत्राचा कॅन्सर, रेडिएशननंतर) एवढंच लिहिलेलं असेल तर फोन उचला. पुढच्या गोष्टी कळल्याशिवाय रिपोर्ट लिहूच नये असं माझं मत आहे.

पहिली गोष्ट, मूळ गाठ कुठे होती आणि किती होती. गाठीची अवस्था ‘टी’ने सांगतात: टी१ म्हणजे गाठ व्होकल कॉर्डपुरतीच आणि कॉर्ड हलते आहे. एकाच कॉर्डवर असेल तर टी१ए, दोन्हींवर असेल तर टी१बी. टी२ मध्ये ती वर सुप्राग्लॉटिसमध्ये किंवा खाली सबग्लॉटिसमध्ये गेलेली असते, किंवा कॉर्डची हालचाल मंदावलेली असते. कॉर्ड जागच्या जागी जखडली, पॅराग्लॉटिक चरबीत (कॉर्डचा स्नायू आणि कूर्चा यांच्यामधल्या) गाठ शिरली किंवा थायरॉइड कूर्चेचा (स्वरयंत्राची पुढची ढालीसारखी कूर्चा, थायरॉइड ग्रंथी नव्हे) आतला कडा खाल्ला गेला की टी३. कूर्चा आरपार गेली की टी४. गाठ अँटिरिअर कमिशरला, म्हणजे दोन्ही कॉर्ड पुढे जिथे मिळतात त्या जागी, लागलेली होती का हे वेगळं विचारा. तिथे परत येणारी गाठ पृष्ठभागावर न दिसता आत खोलवर वाढू शकते.

दुसरी गोष्ट, रेडिएशन किती दिलं आणि किती भागाला दिलं. टी१ साठी सर्रास वापरला जाणारा एक कार्यक्रम म्हणजे २८ वेळा मिळून ६३ ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसाचं माप). टी२ साठी २९ वेळा मिळून ६५.२५ ग्रे. रोज २ ग्रे देणाऱ्या पद्धतीत एकूण ६६ ते ७० ग्रेपर्यंत जातात. आकड्यांपेक्षाही फील्ड, म्हणजे किरण जिथे पडतात तो भाग, महत्त्वाचं. लहान ग्लॉटिक, म्हणजे खऱ्या कॉर्डवरच्या, गाठीसाठी फील्ड साधारण ५ ते ६ सेंमी लांबी-रुंदीचं असतं आणि मानेतल्या गाठींना, म्हणजे लिम्फ नोड्सना, मुद्दाम डोस दिला जात नाही, कारण खऱ्या व्होकल कॉर्डमध्ये लसिकावाहिन्या फार विरळ असतात आणि लवकरच्या अवस्थेत नोड्समध्ये रोग क्वचितच जातो. टी३ मध्ये मात्र मानेचा मोठा भाग फील्डमध्ये येतो आणि बहुतेकदा जोडीला केमोही असते.

या माहितीचा स्क्रीनवर थेट उपयोग होतो. छोट्या फील्डच्या पेशंटमध्ये जबड्याखालच्या लाळग्रंथी आणि एपिग्लॉटिसचं वरचं टोक फील्डच्या बाहेर असतं. ते टोक बरंच सुजलेलं दिसलं तर ‘रेडिएशनचा बदल’ म्हणून पुढे सरकू नका, दुसरं कारण शोधा. मोठ्या फील्डच्या पेशंटमध्ये तीच सूज अपेक्षित असू शकते.

तिसरी गोष्ट, रेडिएशन संपल्याची तारीख. सुरू झाल्याची नव्हे, संपल्याची. आज किती महिने झाले ते कागदावर लिहून समोर ठेवा.

बाकी माहिती पटकन: आत्ताची तक्रार काय, दुर्बिणीत काय दिसलं, कॉर्ड हलते का, मध्ये बायोप्सी झाली का आणि कधी, पेशंट अजून धूम्रपान करतो का. नुकत्याच झालेल्या बायोप्सीची सूज ट्यूमरसारखी दिसू शकते. म्हणून शक्य तिथे आधी सीटी आणि मग बायोप्सी हा क्रम सर्जनला आवर्जून सुचवा.

पायरी २: स्कॅन वाचण्याजोगा आहे का ते बघा

वाईट स्कॅनवर चांगला रिपोर्ट लिहिता येत नाही. पेशंट टेबलवर असतानाच टेक्निशियनच्या शेजारी जाऊन उभं राहण्याची सवय लावून घ्या.

पेशंट उताणा, मान सरळ आणि किंचित मागे, खांदे जितके खाली ओढता येतील तितके खाली. खांदे वर राहिले तर त्यांच्या पट्टे-पट्टे उमटणाऱ्या आर्टिफॅक्टमुळे (खोट्या सावल्यांमुळे) नेमका सबग्लॉटिसच गढूळ होतो. काढता येण्याजोग्या दातांच्या कवळ्या काढायच्या. ट्रॅकिओस्टॉमीची नळी धातूची असेल तर प्लॅस्टिकची घालता येईल का हे ईएनटीच्या डॉक्टरांना विचारायचं. ती आपण हलवायची नाही.

पेशंटला सांगायचं: शांतपणे, हलका श्वास घेत राहा, गिळू नका, खोकू नका. हे सांगायला जो मिनिटभर लागतो तो वसूल होतो. रेडिएशनने तोंड कोरडं पडलेलं असतं, चिकट लाळ घशात अडकते आणि पेशंटला सारखं गिळावंसं वाटतं. स्कॅनच्या आधी घोटभर पाणी चालणार असेल तर द्या आणि लगेच स्कॅन घ्या. ज्याला पाणी पिताना ठसका लागतो त्याला मात्र देऊ नका.

आयोडीनचा कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं, ऊती उजळवणारं औषध) हवाच. किडनीचं काम आणि आधीच्या ॲलर्जीची चौकशी नेहमीप्रमाणे. कॉन्ट्रास्ट दिल्यावर घाईने स्कॅन घेतला तर रक्तवाहिन्या उजळतात पण गाठ उजळत नाही. साधारण एक-सव्वा मिनिट थांबून घेतलेल्या स्कॅनमध्ये म्युकोसा आणि ट्यूमर दोन्ही नीट दिसतात. व्याप्ती कवटीच्या तळापासून छातीच्या वरच्या भागापर्यंत.

रिकन्स्ट्रक्शन १ मिमी किंवा त्याहून पातळ हवं, आणि स्वरयंत्रापुरतं लहान फील्ड ऑफ व्ह्यू घेऊन वेगळं काढलेलं. सॉफ्ट टिश्यू आणि बोन, दोन्ही कर्नलमध्ये (प्रतिमा घडवण्याच्या पद्धतींमध्ये). आणि ज्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते: आडव्या स्लाइस कॉर्डच्या पातळीला समांतर फिरवून घेतल्या पाहिजेत. मान थोडी जरी तिरकी असेल तर एका बाजूला खरी कॉर्ड आणि दुसऱ्या बाजूला फॉल्स कॉर्ड एकाच स्लाइसमध्ये येतात. मग नसलेली असममितता दिसते, आणि आपण तिला रिकरन्स म्हणून मोकळे होतो.

खऱ्या आणि फॉल्स कॉर्डमधली व्हेंट्रिकलची फट मिटलेली असेल आणि काहीच उलगडत नसेल, तर ‘ई’ असा लांब स्वर काढायला लावून किंवा गाल फुगवून हवा रोखायला लावून स्वरयंत्रापुरता छोटा स्कॅन पुन्हा घेता येतो. प्रत्येकाला लागत नाही, पण जिथे लागतो तिथे चित्र पार बदलतं.

पायरी ३: रेडिएशनने जे व्हायला हवं ते ओळखा

रेडिएशनने गाठीबरोबर आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्यांचं अस्तरही दुखावतं. त्या गळू लागतात, पाणी ऊतींमध्ये साचतं, निचरा नीट होत नाही. ही पहिल्या काही आठवड्यांची आणि महिन्यांची सूज. पुढे कोलॅजन साचत जातं, फायब्रोसिस होतं, काही वाहिन्या कायमच्या बंद होतात. म्हणून दोन महिन्यांचा स्कॅन आणि दोन वर्षांचा स्कॅन यांत एकाच कारणाचे वेगवेगळे चेहरे दिसतात.

फील्डमध्ये येणाऱ्या भागात सीटीवर काय अपेक्षित धरायचं? वरून खाली येऊ. मानेच्या पुढची त्वचा आणि तिच्याखालचा प्लॅटिस्मा स्नायू जाड. त्वचेखालच्या चरबीत बारीक जाळीदार रेषा. घशाची मागची भिंत जाड, तिच्या मागे पाण्याचा पातळ थर. एपिग्लॉटिस, आरिएपिग्लॉटिक घड्या आणि फॉल्स कॉर्ड जाड. प्री-एपिग्लॉटिक (एपिग्लॉटिसच्या पुढची) आणि पॅराग्लॉटिक चरबी काळी राहण्याऐवजी राखाडी, धुरकट. अँटिरिअर आणि पोस्टिरिअर कमिशर थोडे जाड. सबग्लॉटिसच्या आतल्या बाजूने पातळ, गोल फिरणारं जाडपण. फील्ड मोठं असेल तर लाळग्रंथी आधी जास्त उजळतात आणि पुढे आक्रसतात.

या सगळ्यांना बांधणारा गुण म्हणजे समानता. दोन्ही बाजूंना सारखे, पसरलेले, गुळगुळीत कडांचे बदल रेडिएशनचे. एका जागी जमलेला, एका बाजूला झुकलेला, गोळ्यासारखा बदल संशयाचा. सुजेची घनता पाण्याकडे झुकते आणि ती फारशी उजळत नाही. ट्यूमर स्नायूइतका किंवा त्याहून थोडा जास्त उजळतो. व्रणाची ऊती बहुधा आत ओढून घेते, तिथली कडा खोलगट होते. गाठ हवेच्या वाटेत फुगते, तिची कडा बहिर्गोल असते. हे नियम नेहमीच लागू पडतील असं नाही, पण शंभर स्लाइस चाळताना कुठे थांबायचं ते याच खुणा सांगतात.

काळाचाही एक नियम आहे, आणि तो मला इतर सगळ्यांपेक्षा जास्त कामाचा वाटतो. रेडिएशनची सूज महिन्यांगणिक कमी होत जाते किंवा आहे तिथे स्थिर राहते. सहा महिने उलटल्यावर ती टिकून असेल तर डोळे उघडे ठेवा. कमी झालेली सूज पुन्हा वाढायला लागली तर कारण सापडेपर्यंत सोडू नका: एक तर गाठ परत येते आहे किंवा कूर्चा मरते आहे.

पायरी ४: कॉर्डच्या पातळीवर एका स्लाइसवर थांबा

माऊसचं चाक फिरवत वरखाली जाण्याआधी एक स्लाइस पक्की करा आणि तिच्यावर दोन मिनिटं घालवा. खऱ्या कॉर्डची पातळी कशी ओळखायची? मागे एरिटेनॉइडचं पुढे निघालेलं टोक, म्हणजे व्होकल प्रोसेस, दिसलं पाहिजे, त्याच्या खाली-मागे क्रायकॉइडचा (श्वासनलिकेच्या वरच्या कड्यासारख्या कूर्चेचा) वरचा भाग, आणि थायरॉइड कूर्चेच्या आतल्या बाजूला लागून राखाडी स्नायू, म्हणजे थायरोएरिटेनॉइड. कूर्चेच्या आत स्नायूऐवजी बरीचशी चरबी दिसत असेल तर तुम्ही अजून फॉल्स कॉर्डवर आहात, खाली या.

आता पुढून सुरुवात करा. निरोगी स्वरयंत्रात अँटिरिअर कमिशरच्या जागी हवा जवळजवळ थेट कूर्चेला भिडते; मध्ये १ मिमीच्या आसपास ऊती असते. रेडिएशननंतर ती थोडी जाड झाली तर चालतं. पण ते जाडपण एका बाजूच्या कॉर्डवर ओघळलेलं आहे का? त्याच्या समोरची कूर्चा पातळ झाली आहे का? कूर्चेच्या पुढे, स्ट्रॅप स्नायूंच्या मागे, काही उजळतंय का? आणि त्याच रेषेत खाली उतरा: थायरॉइड आणि क्रायकॉइड यांच्यामधल्या पडद्यासमोर छोटा नोड तर नाही ना? या जागेतून गाठ स्वरयंत्राच्या बाहेर पडते, आणि दुर्बिणीतून ते दिसत नाही.

मग दोन्ही बाजूंच्या पॅराग्लॉटिक पट्ट्या. स्नायू आणि कूर्चा यांच्यामध्ये चरबीची केसासारखी बारीक रेघ असते. रेडिएशननंतर ती दोन्हीकडे धुरकट होते. समजा, मूळ गाठ उजव्या कॉर्डवर होती. आजच्या स्कॅनमध्ये डावी रेघ धुरकट असली तरी शोधता येते आहे आणि उजवी पूर्ण गायब आहे, तर ते समान नाही. चार महिन्यांच्या स्कॅनमध्ये उजवी रेघ दिसत होती आणि आता दिसत नाही, तर ते त्याहून गंभीर. अशा वेळी गोळा मोजता येत नसला तरी ‘उजव्या पॅराग्लॉटिक चरबीचं नवं एकतर्फी लोपणं’ असं स्पष्ट शब्दांत लिहा.

मागे एरिटेनॉइड आणि त्याचा क्रायकॉइडशी असलेला सांधा. एरिटेनॉइड पुढे सरकलं आहे का, सांध्याच्या फटीत मऊ ऊती भरली आहे का ते बघा. जखडलेल्या कॉर्डचं कारण इथेच सापडण्याची शक्यता असते.

मग कॉरोनलवर (समोरून पाहिल्यासारख्या उभ्या कापांवर) या. इथे व्हेंट्रिकलची हवेची फट वरच्या फॉल्स आणि खालच्या खऱ्या कॉर्डला वेगळं करते. गाठ ही फट ओलांडून वरखाली पसरली आहे का, हे आडव्या स्लाइसपेक्षा इथे कितीतरी स्पष्ट दिसतं. शेवटी सबग्लॉटिस: क्रायकॉइडच्या कड्याच्या आत निरोगी माणसात जवळजवळ काहीच ऊती नसते. रेडिएशननंतर चहूबाजूंनी पातळ जाडपण चालेल, एका बाजूची गाठ चालणार नाही.

पायरी ५: जुना स्कॅन शेजारी लावा

जुन्या स्कॅनशिवाय वाचलेला रेडिएशननंतरचा स्कॅन अर्धाच वाचलेला असतो. निदान दोन जुने स्कॅन हवेत: रेडिएशनच्या आधीचा आणि रेडिएशननंतरचा पहिला, म्हणजे बेसलाइन.

बेसलाइन रेडिएशन संपल्यावर साधारण तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान घेतात. फार लवकर घेतला तर सुजेत सगळं बुडालेलं असतं. फार उशिरा घेतला तर रिकरन्सची सुरुवात बेसलाइनमध्येच मिसळून जाते. बहुतेक रिकरन्स पहिल्या दोन वर्षांत होतात, म्हणून हा एक स्कॅन पुढची दोन वर्षं उपयोगी पडतो. छोट्या टी१ गाठीत, जी मुळात सीटीवर दिसलीच नव्हती, दुर्बिणीची तपासणीच पाठपुराव्याचा कणा असते आणि प्रत्येकाला बेसलाइन सीटी लागतोच असं नाही. टी३ मध्ये आणि खोल शिरलेल्या टी२ मध्ये मात्र मी त्यासाठी आग्रह धरेन.

१९९० च्या दशकात या विषयावर झालेल्या कामातून तीन पातळ्यांची एक सोपी मोजपट्टी तयार झाली आणि ती आजही हाताशी ठेवण्यासारखी आहे. मूळ गाठीच्या जागी काहीच उरलेलं नाही, फक्त अपेक्षित समान बदल आहेत: ०. १ सेंमीपेक्षा लहान गोळा उरला आहे किंवा ऊतींमधले थर एका बाजूला मिटलेले आहेत: १. गोळा १ सेंमीपेक्षा मोठा आहे किंवा गाठीचा आकार निम्म्यानेही कमी झालेला नाही: २. शून्यवाल्या पेशंटमध्ये गाठ परत येण्याची शक्यता कमी. सीटीवर त्यांच्या मागे लागण्याची गरज सहसा नसते, दुर्बिणीने पाठपुरावा पुरतो. दोनवाल्यांमध्ये स्थानिक अपयशाची, म्हणजे त्याच जागी गाठ उरण्याची किंवा परत येण्याची, शक्यता इतकी मोठी की लगेच पुढची तपासणी ठरवावी. एकवाले मधले, त्यांचा स्कॅन तीन-चार महिन्यांनी पुन्हा.

तुलना करताना एक पथ्य पाळा. सगळ्यात अलीकडच्या स्कॅनशीच नव्हे, सगळ्यात जुन्या बेसलाइनशीही तुलना करा. दर वेळी २ मिमी वाढलेली गोष्ट मागच्या स्कॅनशेजारी ‘स्थिर’ दिसते. बेसलाइनशेजारी ठेवली की वाढ लपत नाही. आणि मोजमाप त्याच कोनात, त्याच विंडोत (स्क्रीनवरच्या करड्या छटांच्या सेटिंगमध्ये) घ्या.

पायरी ६: कूर्चा, आणि कूर्चेचा मृत्यू

हा भाग सगळ्यात अवघड, म्हणून इथे जरा थांबू.

थायरॉइड, क्रायकॉइड आणि एरिटेनॉइडचा बराचसा भाग हायलाइन कूर्चेचा असतो आणि वयाबरोबर तो हाड बनत जातो. पण एकसारखा नाही: एका बाजूला जास्त, दुसरीकडे कमी, मध्येच न भरलेले ठिपके. हाड न बनलेली कूर्चा आणि ट्यूमर सीटीवर जवळजवळ एकाच घनतेचे दिसतात. म्हणून बोन विंडोत दिसलेलं प्रत्येक ‘भोक’ हे भोक नसतं. रेडिएशनच्या आधीच्या स्कॅनमध्ये ते तसंच होतं का, हा पहिला प्रश्न.

स्क्लेरोसिस, म्हणजे कूर्चा नेहमीपेक्षा पांढरी होणं, एकट्याने फारसं काही सिद्ध करत नाही. बऱ्या झालेल्या पेशंटमध्येही पांढरं एरिटेनॉइड वर्षानुवर्षं तसंच राहू शकतं. ते ओसरलं तर चांगली खूण. बेसलाइनला नसलेलं नंतर उगवलं तर लक्ष ठेवण्याजोगी. नवीन झीज, कडा खाल्ली जाणं आणि कूर्चेच्या दोन्ही बाजूंना गाठ दिसणं या मात्र वजनदार खुणा.

आता कॉन्ड्रोरेडिओनेक्रोसिस, म्हणजे रेडिएशनमुळे कूर्चा मरणं. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, ती भोवतीच्या पेरिकॉन्ड्रियम या आवरणावर जगते. रेडिएशनने पेरिकॉन्ड्रियमचा रक्तपुरवठा तुटपुंजा होतो. अखंड असेपर्यंत कूर्चा तग धरते. गाठीने, जंतुसंसर्गाने किंवा खोल बायोप्सीने आवरण फाटलं की ती मरायला लागते. आजच्या तंत्राने हे क्वचित, साधारण शंभरात एखाद्याला होतं. बहुतेकदा पहिल्या वर्षभरात होतं, पण दहा वर्षांनंतरही झालेलं आहे. धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांमध्ये धोका वाढतो. पेशंटला दुखतं, कानात कळ जाते, श्वासाला दुर्गंधी येते, गिळता येत नाही, श्वास घरघरतो.

सीटीवर कूर्चेचे तुकडे झालेले दिसतात, थायरॉइडची पाळी आत कोसळलेली, एरिटेनॉइड पुढे घसरलेलं किंवा झडून नाहीसं झालेलं, आणि भोवती बरीच सूज. सगळ्यात बोलकी खूण म्हणजे कूर्चेत किंवा तिला चिकटून हवेचे बारीक बुडबुडे. ते दिसावेत म्हणून लंग विंडो लावून बघा. सॉफ्ट टिश्यू विंडोत ते चरबीच्या काळ्यात हरवतात. बुडबुडे नेक्रोसिसकडे बोट दाखवतात हे खरं. पण गाठ आणि नेक्रोसिस एकाच वेळी, एकाच जागी असू शकतात. बुडबुडे सापडल्याच्या समाधानात शेजारचा उजळणारा गोळा नजरेआड होऊ देऊ नका.

पायरी ७: मानेचा बाकीचा भाग

इथे भराभर जाता येतं, पण वगळता येत नाही. लेव्हल २, ३ आणि ४ चे (मानेच्या बाजूचे, वरून खाली) नोड्स, क्रायकॉइडच्या पुढचा नोड, श्वासनलिकेच्या बाजूचे नोड्स. छोट्या फील्डच्या पेशंटमध्ये मानेला रेडिएशन मिळालेलं नाही हे इथे आठवा. कॅरोटिड धमन्यांची भिंत जाड किंवा अरुंद झाली आहे का. रेडिएशनचा हा परिणाम वर्षांनी दिसतो आणि पक्षाघाताचा धोका वाढवतो. फील्डमध्ये असेल तर थायरॉइड ग्रंथी लहान झाली आहे का. लिहिलंत तर कुणीतरी टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) तपासेल. फुप्फुसांची टोकं लंग विंडोत बघा: तंबाखूमुळे स्वरयंत्राचा कॅन्सर झालेल्या माणसाला फुप्फुसाचा दुसरा, स्वतंत्र कॅन्सर होण्याचा धोका खराखुरा आहे.

पायरी ८: तरीही शंका उरली तर

सीटी संशयास्पद, पण दुर्बिणीत म्युकोसा गुळगुळीत, ही नेहमीची अडचण. रेडिएशननंतरची गाठ म्युकोसाखाली वाढू शकते, म्हणून गुळगुळीत म्युकोसा पाहून निश्चिंत होता येत नाही; वरवरची बायोप्सी निगेटिव्ह आली तरी नाही.

पीईटी-सीटी (साखर जास्त खेचणाऱ्या जागा दाखवणारा स्कॅन) उपयोगी, पण रेडिएशन संपल्यावर निदान १२ आठवडे जाऊ द्या. त्याआधीची जळजळ साखर खेचते आणि ट्यूमरचा भास होतो. याची खरी ताकद निगेटिव्ह असण्यात आहे. योग्य वेळी केलेला पीईटी स्वच्छ आला तर बायोप्सी टाळून थांबायला चांगला आधार मिळतो. पॉझिटिव्ह आला तर गाठ, संसर्ग आणि नेक्रोसिस तिन्ही शक्यता उरतात. एमआरआयमध्ये डिफ्यूजन मदत करतं: पेशींनी खच्चून भरलेल्या गाठीत पाण्याच्या रेणूंची हालचाल अडते आणि एडीसी (त्या हालचालीचं माप) कमी येतो, सुजेत तो जास्त येतो. पण एमआरआयला पेशंटने बराच वेळ न गिळता पडून राहावं लागतं, आणि दम लागणाऱ्या माणसाला ते जमत नाही. त्याला तिथे पाठवण्याआधी विचार करा.

पायरी ९: रिपोर्ट

रिपोर्टची पहिली ओळ संदर्भाची: मूळ गाठ, टी अवस्था, डोस, रेडिएशन संपून किती महिने, कोणत्या तारखांच्या स्कॅनशी तुलना. मग अपेक्षित बदल एकाच वाक्यात उरका. रेडिएशनच्या सुजेवर दोन परिच्छेद लिहिले की खरी ओळ त्यांत बुडते.

निष्कर्षात बाजू घ्या. तीनपैकी एक: ‘रेडिएशनचे अपेक्षित बदल, गाठीची खूण नाही’, ‘अनिश्चित, अमुक जागी, इतक्या दिवसांनी पुन्हा सीटी किंवा पीईटी’, ‘रिकरन्सचा दाट संशय, बायोप्सीची जागा अमुक’. तिसऱ्या प्रकारात सर्जनला हव्या असलेल्या गोष्टी नावानिशी द्या: अँटिरिअर कमिशर आणि दुसऱ्या बाजूची कॉर्ड, कॉर्डच्या कडेपासून सबग्लॉटिसमध्ये किती मिलिमीटर, पॅराग्लॉटिक आणि प्री-एपिग्लॉटिक चरबी, क्रायकॉइड, थायरॉइड कूर्चेचा आतला आणि बाहेरचा कडा, स्वरयंत्राबाहेरचा पसारा, कॅरोटिड, नोड्स. अर्धवट स्वरयंत्र वाचवणारी शस्त्रक्रिया शक्य आहे की नाही हे याच ओळींवरून ठरतं. क्रायकॉइडला गाठ लागली असेल तर ते पहिल्या तीन ओळींत यायला हवं.

उदाहरणादाखल एक निष्कर्ष: ‘उजव्या ग्लॉटिक टी२ गाठीसाठीच्या रेडिएशननंतर ११ महिने. चार महिन्यांच्या बेसलाइनच्या तुलनेत उजव्या कॉर्डच्या पुढच्या एक-तृतीयांशात ९ मिमीचा नवा उजळणारा गोळा, उजवी पॅराग्लॉटिक चरबी नव्याने लोपलेली. अँटिरिअर कमिशर गुंतलेला. सबग्लॉटिसमध्ये ४ मिमी विस्तार. क्रायकॉइड अबाधित. थायरॉइड कूर्चेचा आतला कडा संशयास्पद, बाहेरचा अबाधित. हवेचे बुडबुडे नाहीत. नोड्स नाहीत. रिकरन्सचा दाट संशय. बायोप्सी घ्यायची झाल्यास उजव्या कॉर्डच्या पुढच्या भागातून, म्युकोसाखालपर्यंत.’

आणि एक गोष्ट रिपोर्ट टाइप होण्याची वाट बघत नाही. प्रत्येक स्कॅनमध्ये हवेच्या वाटेची सगळ्यात अरुंद जागा शोधा, तिची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा, आधीच्या स्कॅनशी ताडा. ती चिंचोळी झाली असेल आणि पेशंटचा श्वास घरघरत असेल, तर त्याला टेबलवर आडवा ठेवू नका, बसतं करा, प्रतीक्षागृहात पाठवू नका, आणि तो तुमच्या विभागात असतानाच ईएनटीच्या ड्युटी डॉक्टरला फोन करा. कुणाला, किती वाजता कळवलं ते रिपोर्टमध्ये नोंदवा.